वाटी रिकामी परत करू नये

सज्जनहो, आपल्याकडे एक रीत आहे. ती कोणत्या पोथीत लिहिलेली नाही, की कोणा गुरूने कानात सांगितलेली नाही. शेजारणीकडून वाटीभर काही आले, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. घरात असेल ते तीत घालायचे. गूळ असेल तर गुळाचा खडा, नाहीतर मूठभर शेंगा, आणि तेही नसेल तर चिमूटभर साखर. लहानपणी आपण वाटी घेऊन धावत निघालो की आई मागून ओरडायची, "अरे थांब! रिकामी काय नेतोस? शोभतं का आपल्याला?" मग आपण चडफडत मागे फिरायचे, आणि आई डब्याच्या तळाशी खरवडून काहीतरी वाटीत टाकायची.

या महिन्याच्या पाठात या रीतीचा अर्थ पाहावयाचा आहे. विषय साधा आहे, पण साध्या गोष्टी आपण फारशा तपासत नाही, म्हणूनच त्या हातातून निसटतात.

वरवर पाहिले तर ही परतफेड वाटते. पण नीट पाहा. आमटीची वाटी आली आणि चिमूटभर साखर गेली; हा कोणत्या बाजारातला भाव? व्यापारी असा सौदा करील काय? तेव्हा ही परतफेड नव्हे. ती साखर एवढेच सांगते की, बाई गं, तुझे आमच्याकडे येणे आम्हाला आवडले, असेच येणे-जाणे राहू दे. रिकामी वाटी म्हणजे व्यवहार मिटला. काहीतरी घातलेली वाटी म्हणजे व्यवहार चालू आहे. शेजारधर्म असा कधी न मिटणारा व्यवहार आहे. तो मिटला, फिटला, चुकता झाला, की समजावे शेजार संपला. राहिली ती नुसती लागून असलेली भिंत.

विस्तव आणि विरजण

आजच्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण काडीपेटीतली एकेक काडी जपून वापरायचे दिवस होते. सकाळी एका घरची चूल पेटली की दुसऱ्या घरची बाई गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव न्यायला येई. विस्तव दिल्याने देणाऱ्याचा विस्तव कमी होत नाही. एका चुलीवरून चार चुली पेटल्या, तरी पहिली चूल होती तशीच.

विस्तव गेला, पण विरजण अजून आहे. संध्याकाळी दूध तापवून कोमट केले, आणि पाहावे तर दह्याचे भांडे कोणीतरी चाटूनपुसून ठेवलेले. मग बाई शेजारच्या दारात उभी राहते, "वहिनी, चमचाभर विरजण द्या हो." दुसऱ्या दिवशी त्या चमच्याचे गाडगेभर दही होते. पुढे आठवड्याने वहिनींचे विरजण नासले, तर त्या इकडे येतात, आणि त्यांचेच दही त्यांच्या घरी परत जाते. असे होता होता एका आळीतल्या दहा घरांचे दही मुळात कोणाचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शेजाऱ्याच्या भलेपणाची ओळख इथे पटते. ते लहान असते, चमचाभर. ते वेळेवर असते, कारण तो भिंतीपलीकडेच असतो. आणि त्यात देणाऱ्याचे नाव विरघळून जाते. दानाला नाव असते. देवळाच्या पायरीवर पाहा, फरशीफरशीवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. तेही चांगलेच, मी त्याची निंदा करीत नाही. पण विरजणावर कोणी नाव कोरलेले पाहिले आहे का? दान वरून खाली येते, शेजार आडवा चालतो. दान घेताना मान खाली होते; विरजण मागताना कोणाची मान खाली झाल्याचे ऐकिवात नाही.

तीन पायऱ्या

अभ्यासासाठी शेजारधर्माच्या तीन पायऱ्या करू. तिन्हींना आपल्या खेड्यापाड्यांत पूर्वीपासून नावे आहेत.

पहिली पायरी सावडीची. याच्याकडे एक बैल, त्याच्याकडे एक बैल. दोघे मिळून औताची जोडी होते. दोन दिवस याच्या रानात, दोन दिवस त्याच्या रानात. माणसांच्या कामाचीही सावड असते. आज तुम्ही माझ्या खुरपणीला, उद्या मी तुमच्या. यात हिशेब आहे, पण तो हिशेब न्यायाचा आहे. कोणी म्हणेल, यात धर्म कुठला, ही तर गरज. खरे आहे. पण गरज प्रामाणिकपणे भागवणे हीच धर्माची पहिली पायरी. जो सावडीत दिवस चोरतो, त्याने पुढे कितीही माळा घातल्या तरी शेजारी त्याला ओळखून असतो.

दुसरी पायरी इर्जिकेची. एखाद्याचा बैल मेला, कोणी आजारी पडला, नांगरट राहिली. मग गावातले शेतकरी आपापली औते घेऊन एके दिवशी त्याच्या रानात उतरतात आणि दिवसभरात सगळे रान उलथून देतात. ज्याचे रान, त्याने त्या दिवशी सर्वांना जेवू घालायचे. मजुरी म्हणून कोणी काही घेत नाही. इथे हिशेब सुटला. आलेल्या प्रत्येकाला वाटते की, उद्या माझ्यावर वेळ आली तर गाव उभे राहील. पण अमक्याने अमुक दिवस परत द्यावेत, असे कोणी मनात धरीत नाही.

तिसरी पायरी कडू घासाची. घरात मृत्यू झाला की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारची चूल पेटते. पिठले-भात किंवा भाकरी करून शेजारीण दुःखाच्या घरी नेते, आणि जेवत नाहीत त्यांना जबरदस्तीने दोन घास भरवते. घास गोड लागणार नाही हे तिला ठाऊक असते, म्हणून तर त्याला कडू घास म्हणतात. बाहेर शेजारी पुरुष बांबू, दोरी, गोवऱ्या यांच्या तजविजीला लागलेले असतात. लांबच्या गावी कोणाला निरोप धाडायचा, हेही तेच विचारून घेतात. ज्याच्यावर प्रसंग, त्याला फक्त रडायचे काम ठेवतात.

हा घास फेडता येतो का? येत नाही. फेडायचा म्हटले तर शेजाऱ्याच्या घरी मृत्यू यावा लागेल, आणि तसे कोणी इच्छीत नाही. उलट आपण इच्छितो की, ही फेड करण्याची पाळी कधी न येवो. म्हणून या पायरीवर माणूस जन्माचा ऋणी राहतो, आणि ऋणी राहण्यातच त्याचे हित असते. ज्याला कोणाचे काही लागत नाही असे वाटते, त्याला आपला प्रपंच किती जणांच्या हातांवर उभा आहे, हे अजून कळलेले नाही.

बुडवलेली खते

हिशेबाची गोष्ट निघाली, म्हणून तुकोबारायांचे चरित्र आठवू. १६३० सालचा तो भयंकर दुष्काळ. तुकोबांच्या घरातली माणसे त्यात गेली. घरी वाडवडिलांपासून सावकारी होती, आणि देहूतल्या नि आसपासच्या लोकांकडून येणे असलेली कर्जखते दप्तरात होती. परंपरा सांगते की, तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि आपला अर्धा वाटा इंद्रायणीत सोडला.

या गोष्टीत दोन बारकावे आहेत. पहिला, त्यांनी भावाचा वाटा बुडवला नाही. आपले ते सोडावे. दुसऱ्याचे सोडून देऊन उदार होऊ नये. दुसरा बारकावा असा की, ती खते कोणाची होती? शेजाऱ्यांचीच. रोज ज्याला पाणवठ्यावर राम राम घालायचा, त्याचा अंगठा आपल्या दप्तरात आहे, ही जाणीव मधे असेपर्यंत तो राम राम मोकळा होत नाही. घेणाराही डोळे चुकवतो, देणाराही. तुकोबांनी कागद बुडवले, आणि त्यांच्या वाट्याची ती माणसे ऋणको होती ती पुन्हा शेजारी झाली.

आपल्याकडे खते नसतील. पण मनात एक वही प्रत्येकाच्या असते. "त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्ही इतकं राबलो, आणि आमच्या वास्तुशांतीला ते नुसते जेवून गेले." ही वही कोणत्या नदीत सोडायची, ते ज्याने त्याने ठरवावे.

घरी राहणारा वारकरी

आता थोडे आपल्याच अंगणात पाहू. ज्येष्ठ वद्यात आळंदी-देहूहून पालख्या निघतात आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीच्या वेशीत पोचतात. आपण टाळ घेऊन निघतो. लोक पाया पडतात, वाटेवरची गावे जेवू घालतात. यवतला पिठले-भाकरीचा बेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ओळख ना पाळख, गाव रांधते आणि दिंड्या जेवतात. हा वाटेवरचा शेजार. त्याचे गुणगान आपण नेहमी करतो, आणि ते योग्यच आहे.

पण मला विचारायचे आहे ते निराळेच. आपण वीस-पंचवीस दिवस घराबाहेर असतो, तेव्हा आपली म्हैस कोण पिळते? मृगाचा पाऊस होऊन पेरणी झालेली असते; उगवणीवर पाखरे बसली तर कोण हाकलते? म्हाताऱ्या आईला रात्री ढास लागली तर कोण उठते? अंगणातल्या तुळशीला पाणी कोण घालते?

एका वृद्ध माळकऱ्याची गोष्ट सांगतो. त्यांनी बेचाळीस वाऱ्या केल्या. शेजारी एक साधा शेतकरी होता, गळ्यात माळ नाही, एकादशी माहीत नाही. कोणीतरी त्याला म्हणाले, "तुझ्या शेजाऱ्यानं बेचाळीस वाऱ्या केल्या, तू एक तरी कर की रे." तो बिचारा हसून म्हणाला, "अहो, मी गेलो तर त्यांची जनावरं कोण बघंल?" हे बुवांच्या कानावर गेले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पुढच्या ज्येष्ठात ते त्याच्या दारी गेले आणि म्हणाले, "औंदा तू जायचंस. म्हशी मी बघतो." तो नको नको म्हणत होता, पण त्यांनी पडशी त्याच्या खांद्यावर अडकवली आणि आपली वीणाही त्याच्या हाती देऊन पाठवणी केली. बेचाळीस वर्षांची वारी चुकली म्हणून लोक हळहळले. बुवा म्हणाले, "चुकली कशी? आजवर अर्धीच होत होती, औंदा पुरी झाली."

वारीला निघताना आपण देवाला नारळ ठेवतो. त्याआधी शेजारच्या ओट्यावर दोन मिनिटे बसावे, असे मला वाटते.

शेजार कुठवर?

कोणी विचारील, शेजारी म्हणावे तरी कोणाला? भिंतीला भिंत लागली म्हणजे शेजारी काय?

भिंत मोजून शेजार ठरवू लागलो तर फसगत होते, कारण भिंती माणसेच घालतात. चोखोबांचे उदाहरण घ्या. मंगळवेढ्याचे चोखोबा महार. गावाचे काम करायचे, पण राहायचे गावकुसाबाहेर. देव डोळ्यांपुढे, पण देऊळ बंद. आणि मरण कसे आले? मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना ती भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. हा काळ इ.स. १३३८ चा सांगतात. जी भिंत त्यांना गावापासून तोडत होती, तीच त्यांच्याकडून बांधून घेतली जात होती, आणि तिनेच त्यांचा जीव घेतला. यावर अधिक काय बोलावे?

पण त्यानंतरची गोष्ट शेजारधर्माची आहे. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी वेचल्या आणि पंढरीला आणून महाद्वारापाशी त्यांची समाधी केली. पुढे नामदेवांनी स्वतःसाठी जागा घेतली ती त्याच दाराची पायरी. जिवंतपणी ज्याला गावाने शेजार दिला नाही, त्याला नामदेवांनी कायमचा शेजार दिला. तरी त्या देवळाचे दार सर्वांना उघडायला सहा शतके लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, तेव्हा ते उघडले. हे स्मरण ठेवून प्रत्येकाने पाहावे की, माझी वाटी ज्या ज्या घरी जाते त्या घरांची यादी केली, तर ती सगळी एकाच जातीची निघतात काय? निघत असतील, तर गावकूस पडले असे म्हणू नये. ते फक्त डोळ्यांना दिसेनासे झाले.

कधीकधी संकट या भिंती एका दिवसात पाडते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि पुण्यात मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. हजारो कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. उंचावरच्या भागातल्या लोकांनी घरे उघडली, शाळा नि देवळे उघडली. धरणे गेल्यामुळे शहराला नळाचे पाणी राहिले नाही. मग ज्या वाड्यात आड होता, त्या वाड्यात सगळी आळी पाणी भरू लागली. काल जो परक्या पेठेतला, तो आज शेजारी झाला. प्रश्न एवढाच की, माणसाला माणूस शेजारी वाटावा म्हणून दर वेळी धरणच फुटावे लागते का?

खापर न देणारा शेजारी

आतापर्यंत भल्या शेजाऱ्याविषयी बोललो. पण शेजारी वाईट निघाला तर?

आळंदीची गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. मांड्याला खापर लागते. विसोबा चाटी यांनी कुंभारांना ताकीद दिली की, या संन्याशाच्या पोरांना खापर द्यायचे नाही. पोर रडत घरी आली. कथा सांगते की, ज्ञानोबांनी जठराग्नी चेतवला आणि मुक्ताईने त्यांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. विसोबा हे लपून पाहत होते. त्यांचा अहंकार गळाला, धावत येऊन त्यांनी त्या पानातले उष्टे तोंडात घातले, आणि पुढे तेच विसोबा खेचर होऊन नामदेवांचे गुरू झाले.

यातला चमत्कार बाजूला ठेवू. अर्थ असा दिसतो की, शेजाऱ्याने खापर नाकारले तर त्याच्या दारात आरडाओरडा करायला कोणी गेले नाही. ताप आला तो स्वतःच्या पाठीवर घेतला. शेजाऱ्याचा सूड घेतला नाही, म्हणून शेजारी मिळाला. ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी करताना देवाजवळ जे मागितले, त्यातही वाईट माणसांचा नाश मागितलेला नाही. त्यांचे वाकडेपण जावे एवढेच मागितले. विसोबांच्या रूपाने ते मागणे ज्ञानोबांच्या दारापुढेच फळाला आले होते.

हे निरूपण मी अनेक ठिकाणी केले आहे. पण ते मला समजले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. ते मला माझ्या शेजाऱ्याने समजावले. ती हकिकत सांगून पाठ पुरा करतो.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. एस.टी.त ड्रायव्हर होते, पुढे निवृत्त झाले. सगळी आळी त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणूनच ओळखे. माझ्या पत्र्याच्या पागोळ्या त्यांच्या अंगणात पडत. त्यांनी सांगितले, "गुरुजी, पन्हळ बसवून घ्या." मी म्हणालो, बघू. त्यांनी पुन्हा सांगितले. मला ते लागले. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणे बंद झाले. एक नाही, दोन नाही, सहा वर्षे. या सहा वर्षांत मी शेजारधर्मावर तीन वेळा तरी प्रवचन केले असेल.

मग २०२० साल आले. कोरोनाची साथ. पायी वारी बंद. जूनमध्ये माझा मुलगा मुंबईहून आला आणि तपासणीत बाधित निघाला. त्याला केंद्रात नेले. आम्हा नवराबायकोच्या हातांवर शिक्के मारले, दारावर कागद चिकटवला. चौदा दिवस बाहेर पडायचे नाही. पहिल्या दिवशी रस्त्याने जाणारे लोक आमच्या दारासमोर आले की पलीकडच्या कडेने चालत. त्यांचा राग नव्हता; भीतीच तशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. खिडकीतून पाहिले, तर ओट्यावर एक स्टूल ठेवलेले, त्यावर झाकलेला डबा, आणि दहा हात लांब ड्रायव्हर उभे. तोंडाला रुमाल. मला काय बोलावे सुचेना. मी म्हणालो, "अहो, आपलं तर भांडण..."

ते म्हणाले, "पाण्याचं भांडण पाण्यापाशी. जेवणाचा काय संबंध? आणि भांडी परत करू नका. सध्या कोणी कोणाची भांडी घेत नाही. ठेवा तुमच्याकडेच."

तेरा दिवस डबा आला. कधी भाकरी-पालेभाजी, कधी खिचडी. दशमीच्या दिवशी, ३० जूनला, माउलींच्या पादुका एस.टी.तून पंढरपूरला गेल्या. त्या दिवशी डबा ठेवून त्यांनी लांबूनच हाक दिली, "गुरुजी, ऐकलंत का? औंदा माउली आमच्या गाडीत बसली!" एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता.

आमच्या स्वयंपाकघरात त्यांचे डबे, वाट्या, ताटल्या साचत गेल्या. जन्मभर ‘वाटी रिकामी परत करू नये’ असे ऐकलेला मी. मला भरूनही परत करता येईना आणि रिकामीही करता येईना. नुसते घेत राहायचे. सज्जनहो, देणे मला येत होते. घेणे त्या तेरा दिवसांत शिकलो. माझ्या गर्वाचे मूळ त्यातच होते की, मी कोणाचे ठेवत नाही. देवाने अशा शेजाऱ्याचे माझ्याकडे ठेवले, की ज्याच्याशी मी बोलत नव्हतो.

पुढे बोलणे सुरू झाले. भांडी मागितली नाहीत, मीही ‘देऊ, देऊ’ म्हणत राहिलो. पन्हळीचेही तसेच, ‘पावसाळ्याच्या आत बसवू.’ एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ड्रायव्हर इस्पितळात गेले ते परत आले नाहीत. त्यांना घरीही आणले नाही. चार खांदे नाहीत, राम बोला नाही. परस्परच सगळे झाले. मी त्यांना खांदा देऊ शकलो नाही. घरात वहिनी आणि एक मुलगी, दोघी दाराआड. नातलगांना येता येईना.

आमच्या घरी पिठले-भात झाला. मी ते त्यांच्याच डब्यांत भरले, त्यांच्याच वाट्यांत घातले आणि त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवले. कडी वाजवून लांब उभा राहिलो. वहिनींनी खिडकी उघडली, स्टुलावर पाहिले आणि इतकेच म्हणाल्या, "भांडी ओळखीची दिसतात."

भांडी परत गेली, पण रिकामी गेली नाहीत. मात्र ती अशी भरून जावीत, हे मी कधीच इच्छिले नव्हते.

त्या पावसाळ्याआधी मी पन्हळ बसवली. अर्ध्या दिवसाचे काम निघाले, आणि खर्च दोन हजारांच्या आत. एवढ्यासाठी मी सहा वर्षे घालवली होती. पावसात पन्हळीतून पाणी वाहू लागले की आवाज येतो, आणि त्यांची दहा हातांवरून आलेली हाक आठवते.

एक शंका

आजचा वाचक म्हणेल, "महाराज, आमच्याकडे आळी नाही, ओटा नाही. इमारतीत राहतो. समोरच्याचं आडनाव पाटीवरून कळतं, तेवढीच ओळख. विरजणाची पिशवीसुद्धा दुकानात मिळते. आता कसला शेजारधर्म?"

समाधान असे. सोय वाढली म्हणून विरजणाची गरज कमी झाली असेल. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर लांबचा भाऊ पोचेपर्यंत समोरचे दारच वाजवावे लागते. ते दार त्या वेळी ओळखीचे असावे, तर आधी चमचाभर काहीतरी इकडून तिकडे गेलेले असले पाहिजे. लहान लहान निमित्ते म्हणूनच असतात. ती गरजेसाठी कमी आणि वाट मळलेली राहावी म्हणून अधिक असतात. पाऊलवाटेवर कोणी चाललेच नाही, तर एका पावसाळ्यात ती गवताखाली जाते.

दुसरे असे की, सगळेच शेजारी चांगले मिळत नाहीत, हे मान्य. पण आपण कोणाचे तरी शेजारीच आहोत. भला शेजारी मिळणे दैवाचे. भला शेजारी होणे आपल्या हातचे. आणि मदत करताना समोरच्याची लाज राखावी. डबा ठेवावा, कडी वाजवावी आणि दहा हात लांब उभे राहावे. ही रीत साथीपुरती नाही.

या महिन्याचा अभ्यास

नामस्मरणाबरोबर तीन गोष्टी कराव्यात. एक, आपल्या घरात शेजाऱ्याचे कोणते भांडे राहिले आहे ते शोधावे आणि आजच काहीतरी घालून परत करावे. उद्यावर टाकू नये. दोन, ज्या शेजाऱ्याशी बोलणे बंद आहे, त्याच्या भांडणाची किंमत रुपयांत काढून पाहावी. आपलीच लाज वाटेल. तीन, आपल्यावर झालेले असे एक तरी भलेपण आठवावे की जे फेडता येण्यासारखे नाही, आणि ते फेडण्याची धडपड न करता ऋणी राहून पुढे दुसऱ्या कोणाच्या दारी पोचवावे.

देव विटेवर उभा आहे, कटेवर हात ठेवून, अठ्ठावीस युगे. तो कोणाकडे जात नाही, असे वाटते. पण जेवायच्या वेळी दाराची कडी वाजते, आणि स्टुलावर झाकलेला डबा असतो, तेव्हा दहा हातांवर कोण उभे असते, हे ओळखायला डोळे पाहिजेत. ते डोळे आपल्याला लाभोत.

रामकृष्णहरि.